गोदाम झाडले, त्यास दान म्हणावे काय?



गेल्या हिवाळ्यात लाखांदूर तालुक्यातील आमच्या खेड्याच्या शाळेपुढे एक मालमोटार येऊन उभी राहिली. मागे कापडी फलक, पुढे दोन पाहुणे, सोबत फोटोवाला. मोटारीत बूट होते. बूट कोरे होते, खोक्यांत होते, पातळ कागदात गुंडाळलेले होते. हे आम्ही आधीच कबूल करतो, नाहीतर कोणी म्हणेल की मास्तर कृतघ्न आहे. शाळा चौथीपर्यंतची, आणि त्या खोक्यांत आठ नंबराच्या खालचा एकही जोड नव्हता. नारळ फुटला, भाषण झाले, पोरांनी आपापला जोड छातीशी धरला, फोटो निघाले, आणि मोटार रिकामी होऊन साकोलीच्या वाटेने निघून गेली. संध्याकाळी एक म्हातारी नातवाचा हात धरून आमच्याकडे आली व म्हणाली, "गुरुजी, हे बूट पोराचे नाही, याच्या आज्याचे होत. अन् आजा तर मागच्या सालीच गेला."

आठ दिवसांनी त्या व्यापाऱ्याचा माणूस कागद घेऊन आला. 'गरजू विद्यार्थ्यांस पादत्राणे मिळाली' असे त्यावर छापले होते, खाली मास्तरांची सही पाहिजे होती. आम्ही सही केली. पुढल्या वर्षी वह्या देतो असे तो म्हणत होता, आणि वह्यांच्या आशेने आमची लेखणी चालली. आज हे लिहावयास बसलो त्याचे कारण ती सही होय. त्या व्यापाऱ्यास शिव्या देण्याकरिता हा लेख नाही. त्याचे नावही आम्ही सांगणार नाही.

व्यापाऱ्याचा हिशेब आधी नीट समजून घेऊ. धान पेरणाऱ्याचा अंदाज पावसाने चुकतो, तसा दुकानदाराचा गिऱ्हाइकाने चुकतो. मधले नंबर खपतात, मोठे पडून राहतात. लग्नसराईत आणलेले लुगडे पुढल्या सराईत जुने ठरते. बिस्किटांच्या खोक्यावर तारीख छापलेली असते आणि ती कोणासाठी थांबत नाही. असा पडेल माल गोदामात राहिला तर भाडे खातो, उंदीर खातो, नव्या मालाची जागा खातो. तो उचलून नेण्यास हमाल लावावा तर हमाली पडते, जाळावा तर लोक पाहतात. अशा वेळी कोणी सुचवितो की शेठ, एखाद्या आश्रमशाळेला देऊन टाका. माल गेला, गोदाम झाडून झाले, वर नाव झाले. या व्यवहारात शेठचे वाईट काही नाही आणि पोरांचेही होईलच असे नाही. परंतु ज्या वस्तूची देणाऱ्यास अडचण झाली होती ती त्याने दुसऱ्याच्या दारात ठेवली, यास दान हा शब्द लावताना माणसाने थोडे थांबावे.

यावर गावातली शहाणी मंडळी आम्हांस म्हण ऐकवितात: धर्माची गाय, अन् दात का नाय? म्हणजे फुकट मिळाले आहे ना, मग तोंड उघडून पाहू नका. ही म्हण ज्याने काढली तो गाय पाळणारा नसावा. गाय पाळणाऱ्यास ठाऊक असते की दात गेलेली गाय चारा चावत नाही, दूध देत नाही, आणि तिचे शेण काढणे व तिला पाणी पाजणे घेणाऱ्याच्या गळ्यात पडते. भटजींच्या स्वतःच्या पोथीत, कठोपनिषदात, हाच प्रश्न एका पोराने बापास विचारला आहे. बाप यज्ञात म्हाताऱ्या, आटलेल्या गायी दान देऊ लागला, आणि नचिकेत नावाच्या त्या मुलास ते सहन झाले नाही. त्याने बापास इतके टोचले की बाप रागावून त्याला यमाकडे धाडू लागला. पोथी वाचणाऱ्यांनी यमाची गोष्ट घरोघर सांगितली, गायींची गोष्ट मात्र हळूच गिळली.

दानाचे नाव एकाचे आणि माल दुसऱ्याचा, ही रीत आपल्या मुलखात जुनी आहे. आमच्या आज्या-पणज्यांनी धान्य-कापूस बाजारात नेला की अडत, दलाली, हमाली, तोलाई, करडा असे काटून झाल्यावर शेवटी आणखी एक काट असे: धर्मादाय. गोरक्षणाकरिता, मंदिराकरिता, पांजरपोळाकरिता म्हणून शेतकऱ्याच्या पट्टीतून पैसे कापून घेत. शेतकऱ्यास कोणी विचारीत नसे की तुला हा धर्म करावयाचा आहे काय. पुढे त्याच पैशातून धर्मशाळा उभी राहिली की संगमरवरी पाटीवर नाव शेठजींचे. पोते कुणब्याचे आणि पुण्य अडत्याचे! वऱ्हाडात कापूस व धान्याच्या बाजारांना वळण लावणारा कायदा 1897 साली झाला, 1928 साली शेतकीविषयक रॉयल कमिशनने बाजारांतील असल्या कपातींवर बोट ठेवले, आणि महाराष्ट्रात 1963 च्या बाजार समिती कायद्याने मनमानी कपातीस मनाई केली. म्हणजे कागदावर ती रीत गेली. पण तिची सवय गेली नाही.

पाहा ना, आपला भंडारा जिल्हा धानाचा. आपण धान देतो, मिलमध्ये तांदूळ निघतो. सरकारी खरेदीच्या धानाची भरडाई होते तेव्हा क्विंटलमागे 67 किलो कच्चा तांदूळ सरकारास परत द्यावा लागतो. कनकी आणि कोंडा मिलवाल्याकडे राहतो. नियमच तसा आहे, त्यात चोरी नाही. पण त्याच कनकीचे एक पोते गावच्या महाप्रसादास आले की ध्वनिक्षेपकावरून तीनदा नाव पुकारले जाते, शाल येते, नारळ येतो. ज्याने आपल्या बांधीत कमरेएवढ्या चिखलात रोवणी केली त्या बाईचे नाव कोणी पुकारले आहे काय? आणि खरेदीच्या काट्यावर पोत्यामागे अर्धा किलो-किलो अधिक घेतल्याची ओरड दर हंगामात होते. तो किलो जर प्रामाणिकपणे आमच्या पदरात पडला, तर कनकीच्या पोत्याची वाट पाहण्याची पाळी कितीकांवर येईल? आधी काटा सरळ करा, मग दानधर्म करा. माजी मालगुजारी तलावांचेही तसेच. माती वाहिली कोहळ्यांनी, कुणब्यांनी, ढिवरांनी, पाळ बांधली त्यांच्या घामाने, आणि कागदोपत्री तलाव मालगुजाराचा. 1951 साली मालगुजारी गेली तेव्हा कुठे तो 'माजी' झाला, पण नाव अजून त्याचेच चालते.

आता कायद्याकडे वळू. व्यापारी मंडळी सांगतात, आम्हांस चांगला माल वेळेवर द्यावयाचा असतो, कायदाच आडवा येतो. यात तथ्य आहे. दुकानदार माल विकत घेताना जो वस्तू व सेवा कर भरतो, तो पुढे विक्रीच्या करातून त्यास वळता करून मिळतो. परंतु 2017 च्या त्या कायद्याच्या 17 व्या कलमात हरवलेला माल, चोरीस गेलेला माल, नष्ट केलेला माल आणि भेट म्हणून दिलेला माल हे सगळे एका ओळीत बसविले आहेत. या कोणत्याही मालावरचा कर वळता होत नाही. म्हणजे हजार चादरी पेटवून दिल्या काय आणि थंडीत कुडकुडणाऱ्या वसतिगृहास दिल्या काय, करखात्याच्या दृष्टीने सारखेच. उलट चादरी पोहोचविण्याचे मोटारभाडे वेगळे पडते. 1961 च्या आयकर कायद्यातही 80-जी कलमाची सवलत पैशाच्या रूपाने दिलेल्या देणगीलाच ठेवली होती, वस्तूंच्या दानास नव्हती.

मात्र व्यापारी मंडळींची दुसरी मागणी आम्हांस मान्य नाही. मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यास खर्च करावे असे 2013 च्या कंपनी कायद्याच्या 135 व्या कलमात आहे. काहींस वाटते की गोदामातला माल देऊन त्याची किंमत या 2 टक्क्यांत लिहावी. केंद्राच्या कंपनी मंत्रालयाने 2021 साली खुलासा केला की वस्तुरूप दान पैशांत मोजून या खर्चात धरता येणार नाही. हे योग्यच झाले. नाहीतर आमच्या शाळेतले नऊ नंबरचे बूट छापील किमतीने वहीत चढले असते आणि चौथीतल्या पोराच्या अनवाणी पायांवर कोणा कंपनीची समाजसेवा पुरी झाली असती. आमचे म्हणणे असे की कर वळता करून द्यावाच, पण घेणाऱ्याने आधी मागणी लिहून दिली असेल तरच; माल तारखेच्या आत, वापरण्याजोगा असेल तरच; आणि पोहोच पावती देणाऱ्याने छापून आणलेली नसावी, घेणाऱ्याने आपल्या हाताने लिहिलेली असावी.

मग काय, माल जाळावा? असे आम्ही मुळीच म्हणत नाही. विलायतेतील बर्बेरी नावाच्या बड्या कापडवाल्या कंपनीने एका सालात 2 कोटी 86 लाख पौंडांचा न खपलेला माल नष्ट केल्याचे 2018 साली उघड झाले. स्वस्तात गेला तर नावाची किंमत उतरेल ही धास्ती. लोकांनी छी थू केली तेव्हा त्याच वर्षी तिने ही रीत सोडण्याचे जाहीर केले. फ्रान्स देशाने 2016 साली कायदा केला की 400 चौरस मीटरांहून मोठ्या दुकानांनी खाण्याजोगे अन्न नासवून टाकू नये, धर्मादाय संस्थांशी करार करून ते द्यावे. 2020 च्या दुसऱ्या कायद्याने कपडे-बूट असा न खपलेला मालही नष्ट करण्यास तेथे बंदी आली. आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने उरलेले अन्न गोळा करून वाटण्यासंबंधी 2019 साली नियम केले. नियम आहेत ही गोष्ट चांगली, पण ते आपल्या गावात कोणी वाचून दाखविले आहेत काय? खोक्यावर 'बेस्ट बिफोर' लिहिलेले असेल तर त्या तारखेपर्यंत चव व कस कायम राहतो असा अर्थ. 'एक्सपायरी' किंवा 'यूज बाय' असेल तर त्या तारखेनंतर ते खाऊच नये असा अर्थ. आयाबहिणींनी एवढे दोन शब्द ओळखून ठेवावेत. आम्ही तर शाळेत दोन्हींपैकी कोणतीही तारीख उलटलेले खोके उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही.

2020 च्या ऑगस्टअखेरचा पूर तुम्ही विसरला नसाल. मध्य प्रदेशातील संजय सरोवराचे पाणी सुटले, वैनगंगा फुगली, आणि भंडाऱ्यापासून खाली पवनी-लाखांदूरपर्यंत काठची गावे व उभे धान पाण्यात गेले. मदत आली, मनापासून आली; ज्यांनी रात्रीतून भात-भाजी शिजवून डोंग्यांतून पोहोचविली त्यांचे ऋण फिटणार नाही. पण मागाहून कपड्यांची गाठोडी आली, त्यांत काय होते? उंच टाचेच्या चपला, गळ्यात बांधावयाच्या टाय, एका बाहीची पोलकी, लग्नातला कोट. लोकांस हवी होती ताडपत्री, हवा होता बारदाना, हवे होते रब्बीत पेरण्यास लाखोळीचे आणि हरभऱ्याचे बी. बारदाना तर व्यापाऱ्यांच्या गोदामांत थप्पी लावून पडलेला असतो! पण तो मागावा हे आम्हांस सुचले नाही आणि विचारावे हे त्यांस सुचले नाही. 2004 सालच्या त्सुनामीनंतर तमिळ मुलखातही असेच झाले होते; मदतीच्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले. दिल्लीच्या गूंज या संस्थेने ते उचलून, निवडून, धुऊन मार्गी लावले. 1999 साली ही संस्था काढणारे अंशु गुप्ता यांस 2015 साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. त्यांची रीत आम्हांस आवडते. गावाने आपली गरज ठरवावी, विहीर उपसावी, बांध घालावा, वाट नीट करावी. आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे घ्यावेत. कापड तेच, पण घेणाऱ्याची मान खाली जात नाही.

कारागीर बांधवांनी आणखी एक बाजू ध्यानात घ्यावी. गावात फुकट प्लास्टिकच्या टोपल्या वाटल्या गेल्या त्या वर्षी बुरडाचे सूप-टोपले कोण घेणार? फुकट चादर आली की कोष्ट्याच्या मागावर धूळ बसते. स्टीलची ताटे वाटली की कासाराने काय करावे? हा आमचा कल्पनेचा खेळ नव्हे. आफ्रिकेतील रवांडा या लहानशा देशात श्रीमंत मुलखांतून दान म्हणून दिलेले जुने कपडे गाठींनी येऊन विकले जात, आणि तेथील शिवणारे-विणणारे बसून राहत. त्या सरकारने 2016 साली अशा कपड्यांवर जकात वाढविली. तेव्हा अमेरिकेने 2018 साली रवांडाच्या कपड्यांची आपल्या बाजारातली सवलत काढून घेतली. ज्याचे दान तो नाकारील, त्याचा व्यापारही बंद! यावरून त्या दानाच्या पोटात काय होते ते समजावे. म्हणून आम्ही म्हणतो, गावात जी वस्तू गावचा कारागीर करतो ती बाहेरून फुकट आणू नये. व्यापाऱ्यास खरोखर द्यावयाचे असेल तर त्याने बुरडास बांबू द्यावा, कोष्ट्यास सूत द्यावे.

शेठजींना एवढे बोललो, आता स्वतःच्या घरात डोकावू. मालमोटार आली की रांग लावण्यास आपण पोरांना उन्हात उभे करतो, ते कोण? आपणच. बूट पायात येत नाहीत हे दिसत असता टाळ्या वाजवितो, तेही आपणच. आणि उरलेल्या अन्नाविषयी बोलताना लग्नाच्या मांडवामागची उकिरड्याची बाजू का झाकावी? संयुक्त राष्ट्रांच्या 2024 च्या अहवालात म्हटले आहे की 2022 साली जगात 105 कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातला 60 टक्के वाटा घरांतला होता, दुकानांचा नव्हे. कर्ज काढून पाच भाज्यांची पंगत उठविणारा कुणबी दुसऱ्या दिवशी शेठच्या दारात उधारीस जातो, तेव्हा त्याच्या दानावर टीका करण्याचा अधिकार त्याने आदल्या रात्रीच उकिरड्यावर फेकलेला असतो.

आपल्या चळवळीचे जुने लोक असे नव्हते. 1877 च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने धनकवडीस व्हिक्टोरिया बालाश्रम काढला आणि जोतीराव फुल्यांनी मदतीचे पत्रक काढले, तेव्हा पोरांना भाकर पाहिजे म्हणून भाकर मागितली. जे कोणाच्या घरी अडगळीत पडले असेल ते द्या असे म्हटले नाही. कर्मवीर भाऊरावांनी 1919 साली काल्यास रयत शिक्षण संस्था काढली, 1924 साली साताऱ्यास वसतिगृह उघडले. तेथील पोरे जगली ती घरोघरच्या मुठीमुठीने जमलेल्या धान्यावर. तो मुष्टिफंड म्हणजे रोजच्या रांधणातून आधी काढून ठेवलेली मूठ, जेवण झाल्यावर उरलेली नव्हे. गाडगेबाबांनी धर्मशाळा लोकांकरिता पक्क्या बांधल्या आणि चिंध्या स्वतः पांघरल्या. आमच्या गावच्या समारंभांत हल्ली याच्या उलट चालते.

आता आमच्या तालुक्यापुरते आम्ही काय म्हणतो ते ऐका. दिघोरी, सरांडी, विरली, मासळ, बारव्हा, कोणतेही गाव घ्या; ग्रामसभेत गरजांची यादी लिहावी आणि ती पंचायतीच्या भिंतीवर लावावी. यादी करण्याचे काम बचतगटाच्या बायांकडे द्यावे, सरपंचाकडे नको आणि मास्तरांकडेही नको, कारण मास्तरांची सही कशाने निघते ते वर आलेच आहे. माल आला तर बायांनी खोका फोडून पाहावा, तारीख वाचावी, माप घ्यावे, आणि नको ते त्याच मोटारीत परत चढवावे. पोरांच्या हातात वस्तू देऊन फोटो काढू देऊ नये. फोटो काढावयाचाच असेल तर खोक्याचा काढा. जो व्यापारी आधी विचारील त्यास पंगतीत मानाने बसवावे. असे व्यापारी आहेत, हे सांगण्यात आम्हांस कमीपणा नाही. एकाने बुटांच्या प्रकरणानंतर महिनाभराने आम्हांस विचारले, "गुरुजी, माझ्याकडे मागल्या सालच्या डायऱ्या पडल्या आहेत, तुमच्या पोरांना चालतील का? नाही चालत तर नाही म्हणा." आम्ही हो म्हटले. पोरांनी जुन्या तारखांवर रेघ मारून त्यांत पाढे लिहिले, आणि एकीने तर जून महिन्याच्या पानांवर आपल्या घरच्या रोवणीचा हिशेब मांडला: बाया किती, रोज किती, कोणाचे किती देणे राहिले.

तो पोहोच पावतीचा कागद आम्ही परत मागविला आहे. माणूस म्हणतो, कागद वर गेला. आम्ही दुसरा लिहून टपालाने पाठविला: बूट मिळाले, नंबर आठ ते दहा, शाळा चौथीपर्यंतची, वापरात एकही नाही, कपाटात पडून आहेत, मोटार पाठवून घेऊन जावे. त्याखाली सही केली. आणि शाळेच्या भिंतीवर बायांनी ठरविलेली यादी लावली आहे: एक ते चार नंबरचे बूट, पाणी गाळण्याचे दोन माठ (ते गावच्या कुंभाराकडूनच घ्यावयाचे, पैसे द्यावेत), पावसाळ्याआधी ताडपत्री, चौथीच्या वर्गास एक कंदील, कारण वीज केव्हा जाईल त्याचा नेम नाही.